न पाहिलेले गोल

सिग्नल लाल होता. रस्त्याच्या कडेला उभी असताना तिच्या लक्षात आलं, की आपल्या डाव्या हाताचा अंगठा आपला आपण हलतो आहे. वर, खाली. वर, खाली. हातात काहीही नव्हतं, नुसता पिशवीचा बंद होता आणि त्याच्यावर अंगठा दाबत सुटला होता. समोरून मोटारी जात होत्या, पण तो मोटारी मोजत होता असंही म्हणता येईना, कारण मोटारी थांबल्या तरी तो थांबला नाही. तिने उजव्या हाताने तो धरला. पकडलेली पाल वळवळावी तसा तो मुठीत क्षणभर वळवळला आणि मग गप्प झाला. तेवढ्यात तिला आठवलं. आज दुपारीसुद्धा हा असाच एकटा चालला होता. डोळे भलतीकडे होते आणि हा मोजत होता. चौथ्या काचेच्या वेळी.

सिग्नल हिरवा झाला. मागून कोणीतरी म्हणालं, चला की बाई, आणि ती बाजूला झाली. लोक तिच्या दोन्ही अंगांनी पुढे गेले. पलीकडे बसथांबा होता, बस समोर येऊन उभी होती, आणि रोज याच बसने ती घरी जात असे. आज पाय उचलेना. ती स्वतःशी हिशेब मांडू लागली. चौथी काच साधारण पावणेतीनला भिंगाखाली गेली. पहिले शंभर गोल तर नक्कीच पाहिले. शंभर कशाला, एकशे वीस. एकशे वीस आठवतात? आठवत कुठले, एकासारखा एक जांभळट गोल, त्यातला कुठला आठवणार. मग एकशे वीस म्हणजे काय, सत्तर का नाही, चाळीस का नाही. काउंटरवर आकडा होता दोनशे तीन, तेवढा मात्र स्वच्छ आठवत होता.

तिचं काम कोणालाही सांगायला सोपं होतं. ताप आलेल्या माणसाच्या बोटातून रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, तो वाळवायचा, रंगवायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यात हिवतापाचा जंतू आहे का ते पाहायचं. भिंगातून सबंध थेंब एकदम दिसत नाही. दिसतो एक चिमुकला गोल. तो नीट पाहायचा, उजव्या हाताने काच केसभर सरकवायची, डाव्या अंगठ्याने काउंटर एकदा दाबायचा, की पुढचा गोल. जत्थ्याने आत येणारी माणसं मोजायला दारावरच्या माणसाच्या हातात असतो ना, तसलाच स्टीलचा काउंटर. असे दोनशे गोल पाहून झाले आणि एकातही काही आढळलं नाही, तरच वहीत लिहायचं, 'दिसला नाही.' तिला हे काम शिकवणाऱ्या मोठ्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या की 'नाही' असं लिहायचं नाही. तो आहे की नाही ते त्याचं त्याला ठाऊक. आपण पाहिलं की नाही, एवढीच आपली बाजू. तिला तेव्हा हसू आलं होतं. मोठ्या बाई जाड भिंगांचा चष्मा लावत, सूक्ष्मदर्शकावर मात्र चष्मा काढून बसत आणि मध्ये कोणी हाक मारलीच तर उत्तर न देता काउंटर शून्यावर आणून पहिल्यापासून सुरुवात करत. हाक मारणाऱ्याला त्यातच शिक्षा कळायची. एका दिवसात एकच काच चार वेळा शून्यावर आणलेली तिने स्वतः पाहिली होती. चौथ्या वेळी बाई नुसत्या म्हणाल्या, आज सगळ्यांना माझीच आठवण येतेय.

तिला स्वतःला किती काचा पाहून झाल्या याचा अंदाज तिने कधी केला नव्हता. तरुणपणी दहातल्या दोन काचांत जंतू असायचा. मग पन्नासात एक. मग एक असं वर्ष आलं, की महिना महिना काही दिसेना आणि तिला आपल्या डोळ्यांचाच संशय येऊन तिने नंबर तपासून घेतला. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला की डोळे ठणठणीत आहेत, तुमचा जंतूच संपत आला असेल. गमतीने बोलला बिचारा, पण ते खरंच होतं. गेली तीन वर्षं सबंध देशात, इथल्या माणसाला इथल्या डासाने दिलेला एकही हिवताप सापडला नाही. त्यापाठीमागे तिच्यासारखे शेकडो डोळे होते. त्यांच्याही पाठीमागे, फार लांब, डासाचं पोट चिरून ते भिंगाखाली धरणारा कोणी होता, रानगवतातून औषध निघेपर्यंत शेकडो वेळा हात पोळून घेणारं कोणी होतं. ती माणसं तिला कधी कधी नात्यातली वाटत. तीन वर्षं पुरी झाली म्हणून काल सकाळी मोठ्या सभागृहात ते जाहीर झालं. हजारो वर्षं माणसाच्या उशाशी बसलेला रोग या भूमीवरून उठून गेला, असं साहेब म्हणाले. साहेब म्हणजे या सगळ्या मोहिमेचे प्रमुख, तीस वर्षं गुडघ्याएवढ्या दलदलीत फिरलेला माणूस. बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला आणि त्यांनी पाणी मागितलं. ती तिसऱ्या रांगेत होती. तिला वाटलं, आज संध्याकाळी शहरभर दुसरं काही बोललं जाणार नाही.

तसं झालं, पण वेगळ्याच तऱ्हेने. भाषणानंतर कोणा हौशी माणसाने डासाच्या आकाराचा केक आणला होता. काळ्या साखरेचे पाय, पारदर्शक पंख, लांब सोंड. साहेबांच्या हातात सुरी देऊन त्यांना डोकं कापायला सांगितलं आणि साहेब हसले. खो खो हसले. तीस वर्षांचं हसू होतं ते. त्यातली नऊ सेकंदं कोणीतरी कापून इंटरनेटवर टाकली आणि दुपारपर्यंत ती नऊ सेकंदंच उरली. हजारो माणसं ज्या रोगाने गेली त्याचा केक करून हे हसतात. यांना लाज नाही. मग दुसऱ्या बाजूचे आले, की यांना कशातच आनंद बघवत नाही. मग एकाने विचारलं की साहेबांच्या मागे उभ्या असलेल्या बायकांच्या हातात सुरी का दिली नाही. एकाने डासाचीही बाजू घेतली. रोग संपला हे वाक्य शोधायला तिला बोटाने खूप खाली जावं लागलं.

तिची मुलगी दुसऱ्या गावी शिकत होती, तिनेच तो तुकडा पाठवला. आई, हे बघ तुमचे साहेब. तिने पाहिला आणि तिचंही डोकं तापलं, ही गोष्ट आता बसथांब्याकडे पाठ करून उभी असताना तिला कबूल करावीच लागली. ती तिथे प्रत्यक्ष हजर होती, त्या हसण्यात काय होतं ते तिला माहीत होतं, तरीही फोनच्या पडद्यावर ते हसणं तिला परकं आणि ओंगळ दिसलं. धाकटा भाऊ आठवला. आणि तिने त्या तुकड्याखाली लिहिलं की माझा भाऊ सहा वर्षांचा होता, चार दिवसांत गेला, ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना विचारा केक कसा लागतो. एवढंच. आपण तिथे काम करतो हे लिहिलं नाही. झोपेपर्यंत चाळीस जणांना ते आवडलं होतं, सकाळी उठेपर्यंत नऊशे, आणि दुपारी तीन हजार आठशे. एवढ्या लोकांनी आयुष्यात कधी तिचं ऐकलं नव्हतं. चहा गाळताना ती आकडा पाही, जिना चढताना पाही. छातीत काहीतरी गोड गोड जळत होतं. फोन खणात ठेवायचा हा प्रयोगशाळेचा नियम. आज तिने तो रंगाच्या बाटलीला टेकवून उभा केला होता.

चौथी काच लावली आणि साधारण कुठल्यातरी गोलाला, कुठल्या ते देव जाणे, पडदा उजळला. कोणीतरी लिहिलं होतं, असा भाऊबिऊ काही नसणार, ही सगळी लोकांची सहानुभूती गोळा करायची कामं. तिच्या कानशिलात ठणका सुरू झाला. ती मनात उत्तर लिहू लागली. होता. माझा भाऊ होता. त्याच्या डाव्या भुवईत खोक होती, ती माझ्यामुळे झाली होती. हे लिहावं का. नको. त्या कागदाचं लिहावं का. धाकट्याच्या बोटातून घेतलेली काच तेव्हा बैलगाडीने, मग मोटारीने शहरात गेली होती, आणि उत्तराचा कागद पोस्टाने घरी आला तेव्हा त्याला जाऊन अकरा दिवस झाले होते. बाबांनी तो कागद दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला, जणू उद्या कोणाला तरी दाखवायचा आहे. ती नऊ वर्षांची होती. काच लवकर पाहायला कोणी नव्हतं म्हणून हे झालं, एवढंच तिला कळलं, आणि पुढे मोठेपणी नोकरीची जाहिरात दिसली तेव्हा तिने दुसऱ्या कुठे अर्जच केला नाही. हे सगळं त्या माणसाला कसं लिहायचं. कुठल्या शब्दाने सुरुवात करायची, की तो गप्प बसेल. ती शब्द जुळवत होती, डोळे पडद्यावर होते, उजवा हात काचेवर स्वस्थ पडला होता, आणि डावा अंगठा इमानेइतबारे दाबत होता. टक. टक. टक. भानावर येऊन तिने आकडा पाहिला तर दोनशे तीन. झालं की, असं वाटलं तिला. वहीत लिहिलं, 'दिसला नाही,' सही केली, भिंगासाठी सोडलेलं तेल पुसून काच डब्यात ठेवली. दवाखान्याला फोनवर सांगितलं. पलीकडचा डॉक्टर म्हणाला की बरं झालं, झटपट चाचणीतही काही आलं नव्हतं, पाठवतो त्याला घरी.

त्याला. कोण होता तो. वहीत नाव नसतं, फक्त वय, काम आणि कुठून आला ते. तिने नजर फिरवली होती, पण वाचलं नव्हतं.

बस निघून गेली. ती मागे वळली आणि चालू लागली, आधी साधी, मग भराभर. वाटेत ती स्वतःची समजूत घालत होती. तीन वर्षांत काही नाही, आजच काय होणार. होणार नाहीच. उद्या सकाळी पाहिली तरी चालेल. पण चार दिवसांतली एक रात्र म्हणजे किती, हा हिशेब तिच्या घरात एकदा झालेला होता. फोन पिशवीत थरथरत होता. तिने काढला नाही. मग काढला, पाहिला, चार हजार शंभर, आणि तो परत आत टाकताना स्वतःचीच इतकी शिसारी आली, की रस्त्यात ती एकदा थांबली.

फाटकावरच्या वॉचमनने किल्ल्यांचा जुडगा हातात घेतलेला होता. काय मॅडम, काय विसरलात, म्हणाला. जेवणाचा डबा, असं ती म्हणाली. डबा तर पिशवीतून डोकावत होता. वॉचमनने डब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि कुलूप उघडलं. मागून तो सांगत राहिला, की त्या केकचा एक पंख अजून ऑफिसच्या फ्रीजमध्ये आहे, जगभर बोभाटा झाला पण आम्हाला कोणी तुकडा विचारला नाही. ती जिना चढत होती. खिडक्यांतून तिरपं, पिवळं ऊन आत आलं होतं आणि टेबलं रोजच्यापेक्षा लांबट दिसत होती.

वही उघडली. चौथी ओळ. पुरुष, एकतीस, वेल्डर, परदेशात पुलाच्या कामावर होता, दहा दिवसांपूर्वी परतला. जिथून आला तिथे हिवताप अजून घरोघर होता. तिने काच काढली, तेलाचा थेंब सोडला, दिवा लावला, फोन बंद करून बाहेरच्या खोलीत ठेवून आली. काउंटर शून्यावर आणला. आणि मग तिला बराच वेळ डोळा लावता येईना. लावला की कळणार होतं. न लावता उठून गेली असती, तर वहीतली ओळ तशीच राहिली असती, आणि कदाचित ती खरीही असती. जगात कोणालाही कधी समजलं नसतं.

पहिला गोल. जांभळट धुकं, त्यात पांढऱ्या पेशींचे गडद ठसे. सरकव. टक. दुसरा. दहाव्याला श्वास जागेवर आला, तिसाव्याला कानशिलातला ठणका थांबला. साठाव्याला मनात पुन्हा तो माणूस आला, असा भाऊबिऊ काही नसणार, आणि तिच्या लक्षात आलं की गेल्या गोलात आपण काय पाहिलं ते सांगता येणार नाही. तिने काउंटर शून्यावर आणला. पुन्हा पहिल्यापासून. चाळीसाव्याला पुन्हा शून्य. तिसऱ्या वेळेस मात्र तिने त्या माणसाला मनात येऊ दिलं, बस म्हटलं बाजूला, आणि पाहत राहिली. एकशे एकतिसाव्या गोलात, खालच्या उजव्या कडेला, ते होतं. खड्याच्या अंगठीचं तुटकं कडं असावं तसं. निळसर कडं, त्याच्यावर लाल ठिपका. काच हलवून पाहिलं, तेही हललं. म्हणजे भिंगावरचा कण नव्हता. रंगाचा कचराही नव्हता, कचरा असा रेखीव नसतो. तीन वर्षांनी पाहिलं तरी ओळख पटायला अर्धा क्षणही लागला नाही, आणि तिला भीती वाटायच्या आधी चक्क आनंद झाला, जुनं माणूस गर्दीत दिसल्यासारखा. मग भीती वाटली. ती थांबली नाही, दोनशे पुरे केले. आणखी तीन दिसले.

दवाखान्याचा डॉक्टर फोनवर दोन वेळा म्हणाला की नक्की का. मग त्याने वेल्डरचा नंबर दिला आणि म्हणाला की त्याला तिथेच बोलवा, औषधाचा साठा तुमच्याच कपाटात आहे, मी निघालोच. वेल्डर दोन गल्ल्या सोडून राहत होता. त्याला तिने सांगितलं की रिक्षा करा, चालत येऊ नका. तो म्हणाला, ताई, मला तर सांगितलं काही नाही म्हणून. ती म्हणाली की हो, ते मीच सांगितलं होतं.

मग तिने साहेबांना फोन लावला. ते उचलतील असं वाटलं नव्हतं. कालपासून त्यांच्या फोनवर काय काय येत असेल. पण त्यांनी उचलला, आणि ती एका दमात बोलली. बाहेरून आलेला रोगी. दुपारी माझ्या हातून सुटला. आत्ता सापडला. सुटला, कारण मी फोन बघत होते.

"माणूस कसा आहे?" साहेबांनी विचारलं.

"शुद्धीवर आहे. बोलतोय. येतोय."

"मग वेळ आहे. वहीतली ओळ खोडू नका. खाली नवीन ओळ लिहा, वेळ घाला, सही करा."

"साहेब, कारण काय लिहू?"

"झालं ते लिहा."

दोघांनाही माहीत होतं की उद्या काय होईल. बाहेरून आलेला एखादा रोगी सापडला, तर कालच्या जाहीर करण्याला काही धक्का नव्हता. असे रोगी येत राहणार आणि लगेच पकडले जाणार, यालाच तर रोग हटवणं म्हणतात. पण इतकं सावकाश वाक्य कोण वाचणार. काल केक कापला, आज रोगी सापडला, आणि तपासणारी बाई फोनवर होती. त्याला नऊ सेकंदंही लागणार नव्हती. ती वही तिच्या सहीसकट पडद्यावर दिसेल. चार हजार शंभर माणसं वळून तिच्याकडे बघतील.

"अजून एक आहे," ती म्हणाली. "ती भावाची कमेंट माझी होती."

"वाचली मी. नावावरून कळलं." साहेब म्हणाले. "भावाचं खरं आहे?"

"खरं आहे."

"मग असू द्या. मला तो केक आवडला होता, बाई. आता काय सांगू." आणि मग ते म्हणाले, "उद्या जे यायचं ते माझ्याकडे पाठवा. तुम्ही काचा बघा."

तिने वहीत नवीन ओळ लिहिली. 'फेरतपासणीत दिसला. पहिल्या वेळी गोल पूर्ण पाहिले नव्हते, लक्ष फोनवर होतं.' वेळ. सही. अक्षर रोजच्यासारखंच आलं याचं तिला नवल वाटलं.

वेल्डर आला तेव्हा अंगात जाड जॅकेट होतं आणि दात वाजत होते. दणकट माणूस, पण खुर्चीत बसताना हाताने खुर्ची चाचपून बसला. तिने त्याला पाणी दिलं, डॉक्टर पाच मिनिटांत येतील म्हणून सांगितलं, तीन दिवसांच्या गोळ्या आहेत आणि पुऱ्या घ्यायच्या हेही सांगितलं. आणि माझी चूक झाली, असं सांगितलं. त्याने मान हलवली. त्याला त्या चुकीत फारसा रस नव्हता. तो सूक्ष्मदर्शकाकडे बघत होता, दिवा अजून चालूच होता.

"यातच आहे का माझं?" त्याने विचारलं. "बघता येईल?"

चोवीस वर्षांच्या नोकरीत कोणा रोग्याने हे विचारलं नव्हतं. रोगी इथवर येतच नसत, काचा येत. तिने स्टूल ओढलं, उंची लावून दिली, आणि एकशे एकतिसावा गोल पुन्हा शोधून काढला. त्याने डोळा लावला.

"काही नाही दिसत. नुसतं जांभळं आहे."

"सावकाश. एक डोळा मिटू नका, दोन्ही उघडे ठेवा. खाली उजव्या कोपऱ्यात या."

"आमच्या कामात पण असंच," तो भिंगात बघतच म्हणाला. "काळ्या काचेतून बघायचं असतं. पहिल्यांदा सगळा अंधार. डोळा बसायला वेळ लागतो."

"मग तुम्हाला दिसेल. तुटकं कडं शोधा. निळं. त्याच्यावर लाल टिंब."

तो शोधत राहिला. त्याच्या खिशात फोन वाजला, वाजून थांबला, पुन्हा वाजला. त्याने खिशाकडे हात नेला नाही. थंडीची एक शिरशिरी त्याच्या पाठीतून गेली, मग दुसरी, आणि त्याच्या कोपरांबरोबर टेबलही हलू लागलं.

"आलं होतं," तो म्हणाला. "गेलं. मीच हलतोय ना."

"तुम्ही बघा," ती म्हणाली, आणि पलीकडच्या बाजूला जाऊन तिने दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरून ठेवलं.